हादरा बसला की सुमी तुझ्याकडे

वच्छे, तुझ्या दहाव्याला कावळा शिवेना म्हणून सगळे रामकुंडावर ताटकळत बसले होते. तुझ्या नवऱ्याने, भाऊजींनी, हात जोडून सांगितलं, "तुझ्या आईला मी अंतर देणार नाही." कावळा ढिम्म. मग म्हणाले, "मी दुसरं लग्न करणार नाही." त्यावर म्हणे कावळ्याने सरळ मान फिरवली. भाऊजींना तू ओळखून होतीस. शेवटी आमच्या घरातले हे पुढे झाले आणि म्हणाले, "वत्सला, सुमीची काळजी करू नकोस." वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा झेपावला आणि घास घेऊन उडाला.

घरी परतल्यावर ही हकिगत ज्याने त्याने मला सांगितली. सासूबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "पोरीत जीव अडकला होता गं तिचा." मी मान हलवली आणि भाताचं पातेलं उतरवलं. आत नुसती आग झाली होती. सुमी माझी. नऊ महिने मी वागवली, कळा मी सोसल्या. तिची काळजी करू नकोस असं तुला का सांगावं लागावं? मेल्यावरसुद्धा माझ्याच पोरीवर नजर ठेवून बसलीस!

मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण जिवंतपणी तरी तू भांडायचीस कुठे? मी थोरली जाऊ, तू धाकटी. मी एकटीच बोलत राहायची आणि तू "बरं, वहिनी" म्हणून डाळ निवडायचीस. एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात, ते खोटं ठरवणारी बाई तू. तेव्हा आता ऐक.

तू गेल्यापासून घरात माणसांची रीघ लागली होती. मखमलाबादेहून फुलं घेऊन येणारी माळीण उंबऱ्याशी टोपली ठेवून ढसाढसा रडली. "लय गुणाची बाय व्हती. भूकंपातनं पोर काढली तिनं. अशी आता नाय व्हायची कुणी." मी तिच्या पुढ्यातच उभी होते, त्या पोरीची आई. डोळे पुसून झाल्यावर तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. म्हणाली, "आन् तुमी तवा कुठं व्हता?"

मी कुठे होते! क्वेट्ट्याहून आल्यापासून हा प्रश्न मला अख्ख्या पंचवटीने विचारला. तुला कुणी कधी विचारला नाही, कारण तुझं उत्तर सगळ्यांना पाठ होतं. माझंही उत्तर सरळ आहे, पण ते चार माणसांत सांगण्यासारखं नव्हतं. मी बाहेर बसले होते.

आठवतं का, हे तिकडे बलुचिस्तानात, क्वेट्ट्याला, लष्कराच्या हिशेब कचेरीत कारकून होते, आणि मागाहून भाऊजींनाही त्यांनी तिथेच चिकटवलं. तू आलीस ती नवी नवरी. चहूकडे बोडके डोंगर, थंडी अशी की दूध विरजेना. सफरचंदं टोपलीने मिळायची आणि कोथिंबिरीच्या काडीसाठी जीव टाकावा लागायचा. सासूबाई इकडे नाशकात. वाटेल तसं राहिलो असतो तरी विचारणारं कोण होतं? पण परमुलखात माणूस घरच्याहून कडक होतं. महिन्याचे तीन दिवस आले की मी पुढच्या पडवीत. ताट वेगळं, तांब्या वेगळा, घोंगडी वेगळी. तू बसलीस की घर मी बघायची, मी बसले की सुमीला तू बघायचीस. ती माझ्याकडे यायला लागली की आपण दोघीही एकच सांगायचो, "शिवू नकोस गं, देव कोपेल." आपल्या आयांनी आपल्याला तेच सांगितलं होतं. त्यात विचार करण्यासारखं काही असेल असं दोघींनाही कधी वाटलं नाही.

तर त्या रात्री मी पडवीत होते. जमीन हलली, पडवीचं हलकं छप्पर एका अंगाला कललं आणि मी आपली चालत अंगणात आले. मला ओरखडासुद्धा उठला नाही. आतल्या खोलीची भिंत मात्र बसली. हे आणि भाऊजी खिडकीतून निघाले. तू सुमीला पोटाशी धरून त्या ढिगातून कशी सरपटत आलीस ते तुझं तुलाच ठाऊक. तुझ्या पाठीची सालं निघाली होती आणि पोरीच्या कपाळाला टाचणीएवढी जखम नव्हती. तिने तुझ्या गळ्याला मारलेली मिठी सकाळपर्यंत सुटली नाही. मी शेजारी उभी राहून "माझी बाई, माझी बाई" करत होते, ते तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

याबद्दल मी तुझी जन्माची ऋणी आहे. हे एकदा सांगून टाकते, कारण पुढे जे बोलणार आहे त्यात ते कुठे दिसायचं नाही.

लोकांना वाटतं भूकंप म्हणजे ती एक रात्र. ती घडीभरात संपली. खरा भूकंप नंतरचा, आपण तंबूत काढला तो. शहरात कुणाला पाऊल टाकू देत नव्हते. मोकळ्या मैदानावर तंबूंच्या रांगा, शिपाई हात आखडून कणीक आणि पाणी द्यायचे. आणि जमीन काही निजायला तयार नव्हती. आधी कुत्री रडायची. मग जमिनीच्या पोटातून जड गाडा गेल्यासारखा आवाज यायचा आणि तंबूचा खांब करकरायचा. कधी नुसती लटलट, कधी उभं माणूस मटकन खाली बसायचं. भाऊजींनी पितळेच्या वाटीत पाणी भरून मध्ये ठेवलं होतं. आपण चार मोठी माणसं त्या वाटीभोवती बसून राहायचो. पाण्यावर सुरकुती उठली की बोलणं बंद. शेवटी शेवटी तर कुणी शिंकलं आणि पाणी हललं तरी चौघंही उठून बाहेर पळायचो.

आपण हसलोसुद्धा, नाही का? भाऊजी अर्धी दाढी करून झाली असताना हादरा आला आणि ते एका गालाला साबण तसाच ठेवून धावत सुटले. पलीकडच्या तंबूतल्या बायका पदर तोंडात घालून हसत होत्या. तू तर हसता हसता माझ्या अंगावर पडणार होतीस, तेवढ्यात माझे दिवस आठवले आणि सावरलीस. मेलेल्या माणसांच्या गावात बसून आपण दोघी इतक्या हसलो की मग दोघींना रडू आलं. त्या हसण्यासाठी तू मला आवडायचीस, वच्छे. पण ते हसणं सुमीने पाठ फिरवायच्या आधीचं. म्हणजे त्याच दिवशी सकाळचं.

दुपारी मोठा हादरा बसला. तू आतल्या अंगाला होतीस, मी तंबूच्या दाराशी वेगळी बसलेली. मध्ये सुमी बिस्किटाचा तुकडा चघळत होती. खांब करकरला तशी ती ताडकन उठली आणि तिने बघितलं ते माझ्याकडे. तुझ्याकडे नाही. त्या क्षणी मी शिवाशिव, देवधर्म, सगळं विसरले. दोन्ही हात पसरले आणि म्हटलं, "ये." पोरगी एक पाऊल मागे सरली. मला अशी बघत होती जशी मी वाटेत भेटलेली कुणी परकी बाई. मग वळली आणि तुझ्या कुशीत शिरली. तू तिच्या डोक्यावर पदर घातलास. जमीन थांबली तरी माझे हात तसेच पसरलेले होते, आणि ते तू पाहिलंस. मला वाटतं, मला तुझा सगळ्यात जास्त राग आला तो तू ते पाहिलंस म्हणून.

दुसऱ्या दिवशी तू भलतंच काहीतरी केलंस. मी पाठमोरी बसून केसांचा गुंता सोडवत होते. तू सुमीचा हात धरून आलीस आणि माझ्या खांद्यावर चांगला तळवा टेकवलास. मी दचकून ओरडले, "शिवलीस की गं! आता आंघोळीला पाणी काय तुझा बाप देणार आहे?" तू सुमीकडे बघितलंस. आणि तेवढ्यात, अगदी तेवढ्यात, जमिनीने असा हिसका दिला की दोरी तुटून कंदील खाली आला. सुमी किंचाळत बाहेर पळाली, तू तिच्यामागे. मी मनात म्हटलं, चढलीय हिला. पोर वाचवली म्हणून आता रीतभातही पायाखाली घालायला निघाली.

माझे दिवस संपले, दोन तांबे पाणी डोक्यावरून घेऊन मी मोकळी झाले. तरी सुमी येईना. एरवी जवळ बसायची, जेवायची, पण तंबूचा खांब करकरला की तुझ्याकडे. निजताना तुझ्या पदराला आपल्या परकराची गाठ मारून निजायची. ती गाठ मी एकदा ती झोपल्यावर सोडली होती. सकाळी उठून तिने पुन्हा मारली.

मग नाशिक. सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, आधी तुझ्यावरून. बायका बघायला यायला लागल्या. तू काही सांगायची नाहीस, भाऊजीच सांगायचे, आणि त्यांच्या हकिगतीत मी एकदाच यायची: "वहिनी अंगणात होत्या." महिला मंडळाच्या बायकांनी हळदीकुंकवाला बोलावून तुझी खणानारळाने ओटी भरली. मग माझीही भरली, शेजारी बसलेली बाई रिकामी उठू नये म्हणून. माझा नारळ नासका निघाला. तुझा चांगला गच्च खोबऱ्याचा. त्याच्या वड्या करून पहिली वडी तू मला आणून दिलीस, आणि ती मी तुझ्या देखत गाईला घातली. तू म्हणालीस, "बरं झालं वहिनी, गोग्रास झाला." तुझा असला चांगुलपणा मला सहन व्हायचा नाही.

नाशकात जमीन हलत नाही, ही गोदेची, आपल्या गंगामाईची कृपा. पण दुपारी गावाबाहेरच्या दगडखाणीत सुरुंग उडाले की फळीवरची भांडी किणकिणायची आणि सुमी हातातली पाटी टाकून धावायची. मी चुलीशी, तिच्यापासून दोन पावलांवर. तू मागे विहिरीवर. ती मला ओलांडून जायची. एकदा तू तिथे नव्हतीस, माळणीकडे फुलं आणायला गेली होतीस. मी म्हटलं, आता येईल. बघते तर पोर विहिरीच्या रहाटाला, त्या लाकडाच्या खांबाला, मिठी मारून उभी. खांबाला, वच्छे! माझ्यापेक्षा तो खांब बरा.

मी काय करायचं ठेवलं होतं? मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. दंडाला ताईत बांधला. बुधवारच्या बाजारातून रंगीत लाकडी बाहुली आणून दिली. बाहुलीचं नाव तिने वच्छी ठेवलं.

आणि महिन्याच्या महिन्याला तुझा तो चाळा. मी मागच्या पडवीत बसले की ताट आणायचं काम तुझं. लांबून सरकवायचं सोडून तू नेमकं माझ्या बोटांना बोट लावायचीस. कधी पदर सावरल्यासारखं करून केसांना. दाराच्या आडून सुमी बघत असायची, हातात वाटी धरून. सासूबाईंचा पट्टा सुरू व्हायचा, "एवढी घोडी झाली तरी हाताला वळण नाही!" की तू पुन्हा विहिरीवर. ऐन थंडीतसुद्धा ते गार पाणी अंगावर घेऊन दात वाजवत यायचीस. मी वर म्हणायची, "मुद्दाम करतेस. मला खिजवायला करतेस." तू म्हणायचीस, "चुकून झालं, वहिनी." दर महिन्याला चुकून! मला वाटायचं, पोर तुझ्याकडे आहेच, आता तिला दाखवतेयस की बघ, तुझ्या आईला मी कशी बाटवते आणि ती काही करू शकत नाही.

मग भाऊजींना भुसावळला नोकरी लागली. मी मनातल्या मनात पेढे वाटले. तू जाणार, सुमी राहणार, चार दिवस रडेल आणि मग माझी होईल. त्याच संध्याकाळी सासूबाई, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशा सहज म्हणाल्या, "सुमीला हिच्याबरोबर जाऊ दे. हिला मूल नाही, आणि पोर हिच्याशिवाय झोपत नाही. तुला काय, दुसरं होईल." ह्यांनी खाकरून पान जुळवायला घेतलं. म्हणजे त्यांची ना नव्हती.

तेव्हा मी काय बोलले ते तुला आठवत असेल. "स्वतःला झालं नाही म्हणून दुसरीचं ओढायचं?" बोलले, आणि तू गेलीस म्हणून ते परत घेणार नाही. माझं पोर माझ्या देखत वाटून टाकत होते. तुझ्या हातातलं सूप थांबलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू मान वर करून माझ्याशी बोललीस. "मी नाही नेणार तिला. थोडं थांबा, वहिनी. आता ती आपल्या पायांनी तुमच्याकडे येईल." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या पोरीसाठी मी थांबायचं, आणि ते तू सांगायचं? मी म्हटलं, "ती यायची ते तुझ्या हातात आहे का?" तू म्हणालीस, "सांगेन. सांगायची मोकळीक झाली की सगळं सांगेन." मी धुण्याचं गाठोडं उचललं आणि पाय आपटत गंगेवर गेले. दगडावर तुझंच लुगडं आपटलं, जरा जास्तच.

भांडण तिथेच राहिलं. आठवड्याच्या आत तुला ताप भरला. डॉक्टर म्हणाले, विषमज्वर. मी तुझ्या उशाशी बसले ती उठलेच नाही, आणि लोक म्हणाले, जाऊ असावी तर अशी. खरं सांगू? सुमीला आत येऊ द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तू दाराकडे डोळे लावून पडायचीस आणि मी दार लोटून घ्यायची. लोटायला हवंच होतं. पण ते लोटताना माझ्या हाताला जे बरं वाटायचं, ते काही डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं.

शुद्ध हरपायच्या आधी तू माझं मनगट धरलंस. "वहिनी, सुमी..." मी म्हटलं, "बरी आहे. खेळतेय." तू मान हलवलीस, म्हणजे ते नाही. तुझ्या ओठांवर काहीतरी येत होतं आणि मागे जात होतं. मला वाटलं, तू माझी पोर मागते आहेस. म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.

सुमी रडली नाही. तुला नेलं तेव्हा रहाटाच्या खांबाशी उभी होती. मी जवळ ओढलं की अंग लाकडासारखं ताठ करायची. शाळेतून आली की कोपऱ्यात बसायची. दिवस सरत होते, पाहुणे पांगले, भाऊजी एकटेच भुसावळला गेले. पोरीच्या डोळ्यांत टिपूस नाही. मला वाटलं, ही आता कुणाचीच राहिली नाही.

आणि काल मी बाहेर बसले. सासूबाई जेवून कलंडल्या होत्या. माझं ताट घेऊन सुमी आली, कारण आणायला दुसरं कोण होतं? उंबऱ्यावर ताट ठेवून ती तिथेच उभी राहिली. पायाच्या अंगठ्याने भुई उकरत म्हणाली, "आई, काकू मेली म्हणजे शपथ सुटली का?"

"कसली शपथ?"

"मी काकूला घातलेली. तुला सांगितलं तर मी मरेन अशी."

मग थांबत थांबत तिने सांगितलं. क्वेट्ट्याला त्या संध्याकाळी मी पडवीत डुलकी घेत होते. तू आत पोळ्या लाटत होतीस. ही पाय न वाजवता आली आणि तिने माझ्या वेणीला हात लावला. मग गालाला लावला. मी जागी झाले नाही. कुणी बघितलं नाही. आणि रात्री जमीन हलली.

"देव कोपला," सुमी म्हणाली. "मी शिवले ना. शेजारची माणसं मेली, ती पण माझ्यामुळेच."

सात वर्षांची पोर, वच्छे. तेव्हा चारची होती. मी म्हटलं, "म्हणून तू माझ्याकडे येत नव्हतीस?" ती म्हणाली, "हलत असताना शिवले असते तर आणखी हललं असतं. तू पण मेली असतीस."

तंबूत तिने हे तुला सांगितलं आणि शपथ घालून तुझं तोंड बांधलं. तू तिला समजावलंस, वेडी कुठली, असं कधी असतं का? हे बघ, मी शिवते, काही होत नाही. म्हणून तिला हाताला धरून आणलंस आणि माझ्या खांद्यावर तळवा टेकवलास. आणि जमिनीला तीच वेळ सापडली! सकाळपासून गप्प होती ती. तुझा हात माझ्यावरून निघाला नाही तोच तिने कंदील पाडला. त्यानंतर कोणती पोर ऐकणार होती?

"मग काकू म्हणाली, नाशकात बघू," सुमी सांगत होती. "ती दर वेळी तुला शिवायची आणि मी वाटीतल्या पाण्यात बघायचे. हलायचंच नाही. काकू म्हणायची, बघ. मी म्हणायचे, तू मोठी आहेस म्हणून. मी शिवले तर हलेल. काकू म्हणायची, बरं, पुढच्या वेळी परत बघू."

पुढच्या वेळी परत. तीन हिवाळे तू त्या विहिरीवर कुडकुडत पाणी घेतलंस, सासूबाईंची बोलणी खाल्लीस, माझी खाल्लीस. एकदाही "विचारा तुमच्या लेकीला" म्हणाली नाहीस.

मी तिथल्या तिथे तुझ्या नावाने हात जोडायला हवे होते. जोडले, पण मागाहून. आधी काय वाटलं ते सांगते, कारण तुझ्यापाशी आता काय लपवायचं. आधी हेवाच वाटला. इतका कधी वाटला नव्हता. तुम्ही दोघींनी माझ्याच अंगावर परीक्षा मांडली होती आणि ती मला सोडून दोघींना ठाऊक होती. पोरीचं पहिलं गुपित, पहिलं भय, पहिली शपथ, सगळं तुझ्या पदरात. एका शब्दाने तू मला माझी मुलगी देऊ शकली असतीस, आणि दिली नाहीस.

मग जरा वेळाने मी स्वतःला विचारलं, तिने हे मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? त्याच रात्री ह्यांच्या कानाशी लागले असते. सकाळी सासूबाईंना कळलं असतं, दुपारी माळणीला. पोरीला समोर बसवून सगळ्यांनी हसून घेतलं असतं, "अगं वेडे, तुझ्यामुळे का भूकंप होतो?" म्हणून तिने तुला निवडलं. चार वर्षांच्या पोराला माणूस कळतं. हे मला कबूल करावं लागतंय, आणि त्याचाही मला तुझ्यावर राग आहे.

मी म्हटलं, "सुमे, ये."

ती आली. आधी एक बोट पुढे केलं, माझ्या मनगटाला टेकवलं आणि भुईकडे बघत राहिली. काही झालं नाही. मग सगळा पंजा ठेवला. पुन्हा खाली बघितलं. तेवढ्यात सासूबाई उठून दारात आल्या. आम्हाला दोघींना तसं बघितलं आणि मला वाटलं, आता पट्टा सुटणार. पण त्या कुणाला उद्देशून नाही अशा म्हणाल्या, "दोघींना पाणी तापत ठेवते," आणि आत वळल्या.

सुमी माझ्या मांडीत शिरली. तू गेल्यापासून कोरडी राहिलेली पोर एकदम फुटली. अंग गदगदत होतं, नखं माझ्या दंडात रुतत होती, आणि तोंडात एकच, "काकू, काकू." जिची मी इतकी वर्षं वाट बघितली ती आली, आणि आली ती तुझ्यासाठी रडायला. "मी आहे ना" हे शब्द माझ्या अगदी दातांपर्यंत आले होते. ते मी गिळले. तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "मार हाक. मोठ्याने मार."